एका दिवसाचे माया दर्शन : गर्दी पिरॅमिडपाशी, पैसा किनाऱ्यावर

जगातील नव्या सात आश्चर्यांत गणल्या गेलेल्या चिचेन इत्झाला दरवर्षी लाखो पर्यटक भेट देतात. त्यांतील बहुसंख्य सकाळी येतात आणि संध्याकाळी परत जातात. या काही तासांच्या भेटीतून कोण किती कमावतो, पर्यटकांच्या पदरात नेमके काय पडते आणि मूळ माया रहिवाशांच्या वाट्याला काय उरते, यावरून मेक्सिकोत अनेक वर्षे संघर्ष सुरू आहे. नवी रेल्वे आणि नवे संग्रहालय आल्यानंतर तो अधिकच तीव्र झाला आहे.

सकाळी सातच्या सुमारास मेक्सिकोतील कॅन्कून शहराच्या हॉटेलपट्ट्यातून वातानुकूलित बसगाड्या निघू लागतात. एकेका हॉटेलातून चार-सहा प्रवासी उचलत त्या महामार्गाला लागतात, तेव्हा निम्मे प्रवासी झोपेतच असतात. पुढचे सुमारे दोनशे किलोमीटर दोन्ही बाजूंना सपाट जमीन आणि खुरटे, दाट जंगल. वाटेत नदी नाही, डोंगर नाही. किंताना रो राज्याची हद्द ओलांडून युकातान राज्यात शिरताच घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. पर्यटकांना सकाळी फुकट मिळालेला हा तास परतीच्या वाटेवर पुन्हा सोडावा लागतो.

या सहलीचे वेळापत्रक बहुतेक सर्वच पर्यटन कंपन्यांचे जवळपास सारखे असते. वाटेत हस्तकलेच्या एखाद्या मोठ्या दुकानात थांबा, चिचेन इत्झाच्या अवशेषांत दोन तास, बुफे पद्धतीचे जेवण आणि त्याबरोबर लोकनृत्याची झलक, ‘सेनोते’ नावाच्या नैसर्गिक जलकुंडात पाऊण तास पोहणे, वायादोलिद या वसाहतकालीन गावाच्या चौकात अर्धा तास आणि रात्री आठपर्यंत हॉटेलात परत. बारा-तेरा तासांच्या या दिवसातला निम्म्याच्या आसपास वेळ बसमध्येच जातो. ज्या स्थळासाठी हा खटाटोप केला जातो, त्याच्या वाट्याला दोन तास येतात. तेही बहुधा ऊन सर्वांत कडक आणि गर्दी सर्वाधिक असते त्या वेळी.

वरवर पाहता यात वावगे काही नाही. सुटीवर आलेल्या माणसाकडे मोजका वेळ असतो आणि त्या वेळात जास्तीत जास्त पाहून घेण्याची त्याची इच्छा स्वाभाविक आहे. तथापि करोना साथीचा काळ वगळता ज्या स्थळाला अलीकडच्या वर्षांत वर्षाकाठी वीस लाखांहून अधिक लोक भेट देतात, तेथे अशा सहलीचे वेळापत्रक ही खासगी बाब राहत नाही. बस कोठे थांबते आणि कोठे थांबत नाही, यावर आसपासच्या गावांचे पोट अवलंबून असते.

किनारा आधी, अवशेष नंतर

या व्यवस्थेचे मूळ कॅन्कूनच्या जन्मात आहे. हे शहर आपसूक वाढलेले नाही. परकीय चलन मिळवण्यासाठी मेक्सिकोच्या केंद्रीय बँकेच्या पुढाकाराने १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याची आखणी झाली आणि १९७४ मध्ये पहिली हॉटेले सुरू झाली. त्याच वर्षी किंताना रो हा प्रदेश पूर्ण राज्य बनला. त्यापूर्वी तेथे मासेमारांची तुरळक वस्ती आणि नारळाच्या बागा होत्या. आज कॅन्कूनच्या विमानतळावरून वर्षाला तीन कोटींच्या आसपास प्रवासी ये-जा करतात.

साहजिकच चिचेन इत्झाकडे येणारा पर्यटक मुख्यतः समुद्रासाठी आलेला असतो. खोली, खाणे आणि पेये यांचे सारे पैसे त्याने हॉटेलात आगाऊ भरलेले असतात. माया संस्कृती हा त्याच्या आठवड्यातला एक दिवस. म्हणूनच त्याचा खर्च किनाऱ्यावर होतो आणि अवशेषांच्या वाट्याला प्रवेशशुल्क, बुफेचे जेवण आणि एखादी आठवणवस्तू एवढेच येते. यांपैकी जेवण आणि खरेदी कोठे करायची, हेदेखील बहुधा सहल आखणारी कंपनी ठरवते. पर्यटक नेल्याबद्दल दुकानाने गाइड आणि चालकाला कमिशन द्यायचे, ही पद्धत तेथेही सर्रास आहे. अवशेषांपासून दोन-तीन किलोमीटरवर असलेल्या पिस्ते गावातील खाणावळवाल्याला मात्र कित्येक बसगाड्या नुसत्याच रस्त्यावरून जाताना दिसतात.

२००७ मध्ये या प्रवाहाला पूर आला. त्या वर्षीच्या ७ जुलै रोजी लिस्बन येथे ‘नव्या सात आश्चर्यां’ची घोषणा झाली आणि ताजमहालाबरोबर चिचेन इत्झाचेही नाव त्या यादीत झळकले. ताजसाठी भारतात मोबाइलवरून मते पाठवण्याची जी मोहीम झाली, ती अनेक वाचकांना स्मरत असेल. मेक्सिकोतही तसाच उत्साह होता. एका खासगी संस्थेने घेतलेल्या या मतदानाशी आपला संबंध नाही, असे युनेस्कोने तेव्हाच स्पष्ट केले होते. चिचेन इत्झा १९८८ पासून जागतिक वारसा यादीत होतेच. परंतु जाहिरातीच्या दृष्टीने ‘आश्चर्य’ या शब्दाने जे साधले, ते ‘वारसा’ या शब्दाला साधले नव्हते.

त्याच सुमारास स्थळ पाहण्याची रीतही बदलली. कुकुल्कानच्या पिरॅमिडवर पूर्वी चढता येत असे. २००६ मध्ये एका वृद्ध पर्यटक महिलेचा पायऱ्यांवरून पडून मृत्यू झाल्यानंतर चढाई बंद करण्यात आली. दगडी पायऱ्यांची झीज हेही कारण होतेच. तेव्हापासून पर्यटक पिरॅमिड खालूनच पाहतो. त्यामुळे भेट आणखी आटोपशीर झाली आणि दोन तासांचे गणित बसगाड्यांना अधिकच सोयीचे ठरले.

जमीन कोणाची, अवशेष कोणाचे?

चिचेन इत्झावरील हक्काचा इतिहास एखाद्या दिवाणी दाव्यासारखा लांबलचक आहे. अमेरिकी प्रवासी जॉन लॉइड स्टीफन्स आणि चित्रकार फ्रेडरिक कॅथरवुड यांनी १८४० च्या दशकाच्या आरंभी येथे येऊन जे वर्णन आणि चित्रे प्रसिद्ध केली, त्यांमुळे बाहेरच्या जगाचे लक्ष या अवशेषांकडे वेधले गेले. पुढे युकातानमधील अमेरिकेचा वाणिज्यदूत एडवर्ड थॉम्पसन याने १८९४ मध्ये अवशेषांसह ही जहागीरच विकत घेतली. १९०४ पासून काही वर्षे त्याने येथील पवित्र जलकुंडाचा तळ यंत्राने उपसला. सोने, जेड, तांबे आणि मानवी अस्थी असा जो ठेवा वर आला, त्यातील मोठा भाग अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयात पोहोचला. काही वस्तू पुढे अनेक दशकांनी मेक्सिकोला परत मिळाल्या.

मेक्सिको सरकारने १९२६ मध्ये ही जहागीर जप्त केली, पण १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल थॉम्पसनच्या बाजूने लागला. तोवर त्याचे निधन झाले होते. त्याच्या वारसांकडून ती जमीन युकातानमधील पर्यटन व्यवसायातील अग्रणी बार्बाचानो कुटुंबाकडे गेली. परिणामी एक विचित्र स्थिती निर्माण झाली. १९७२ च्या कायद्याने सर्व पुरातन वास्तू राष्ट्राच्या मालकीच्या ठरल्या, मात्र पिरॅमिडखालची जमीन खासगीच राहिली. जागतिक वारसा यादीत समावेश झाला तेव्हाही हीच स्थिती होती आणि नव्या आश्चर्यांत निवड झाली तेव्हाही. अखेर २०१० मध्ये युकातान राज्य सरकारने सुमारे ८३ हेक्टर जमीन २२ कोटी पेसोंना विकत घेतली.

व्यवहार पूर्ण झाला, पण मूळ प्रश्न सुटला नाही. जमीन राज्याकडे आली, वास्तूंची देखभाल संघराज्याच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र व इतिहास संस्थेकडे राहिली आणि आसपासची बरीच शेतजमीन ‘एहिदो’ म्हणजे गावाच्या सामूहिक मालकीची आहे. ज्यांचे पूर्वज या वास्तू बांधणाऱ्यांपैकी असण्याची शक्यता सर्वाधिक, त्या गावकऱ्यांचे नाव मात्र पिरॅमिडखालच्या जमिनीच्या कोणत्याही दस्तावर कधी आले नाही.

तिकिटाच्या दोन पावत्या

या विभागणीचे प्रतिबिंब प्रवेशद्वारावरच दिसते. येथे एकाच प्रवेशासाठी दोन वेगवेगळी शुल्के द्यावी लागतात, एक संघराज्याच्या संस्थेचे आणि दुसरे राज्य सरकारच्या सांस्कृतिक-पर्यटन मंडळाचे. २०२४ मध्ये परदेशी पर्यटकाला एकूण सहाशेहून अधिक पेसो मोजावे लागत. त्यांपैकी शंभराहून कमी पेसो अवशेषांचे उत्खनन, जतन आणि संशोधन करणाऱ्या संस्थेच्या नावे जमा होत आणि पाचशेहून अधिक राज्याच्या तिजोरीत. देखभालीचा भार एकीकडे आणि उत्पन्नाचा मोठा वाटा दुसरीकडे, अशी ही मांडणी. पिस्ते किंवा शेजारच्या गावांसाठी तिकिटावर वेगळा रकाना नव्हता.

गावकऱ्यांनी आपला वाटा मग स्वतःच्या पद्धतीने मिळवला. आज अवशेषांच्या आवारात शिरणाऱ्या पर्यटकाला पिरॅमिडच्या आधी पथारीवाले भेटतात. लाकडी मुखवटे, रंगीत कापड, दगडी पंचांगाच्या प्रतिकृती आणि फुंकताच जॅग्वारसारखी डरकाळी फोडणारी शिट्टी. पवित्र जलकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना अशी शेकडो दुकाने असतात. पुरातन स्थळाच्या आत विक्री करण्यास कायद्याने मनाई आहे. १९८० च्या दशकापासून विक्रेत्यांना बाहेर हलवण्याचे प्रयत्न झाले, प्रवेशद्वाराजवळ बाजारही उभारला गेला, पण गर्दी आत असल्याने विक्रेते पुन्हा आत आले.

याबाबत दोन्ही बाजूंकडे सबळ मुद्दे आहेत. पुरातत्त्व अधिकाऱ्यांच्या मते हजार वर्षांपूर्वीच्या वास्तूंमध्ये बाजार भरणे हे स्थळाच्या प्रतिष्ठेला आणि सुरक्षिततेलाही बाधक आहे. शिवाय विक्रीला असलेला बराच माल या परिसरात बनलेलाच नसतो, अशीही तक्रार असते. विक्रेत्यांचा प्रश्न वेगळा आहे. याच आवारात १९९७ मध्ये लुचानो पावारोत्ती, २००८ मध्ये प्लासिदो दोमिंगो आणि २०१० मध्ये एल्टन जॉन यांच्या मैफली झाल्या. महागड्या तिकिटांच्या या कार्यक्रमांनी प्रतिष्ठेला धक्का लागत नसेल, तर आमच्या चटईभर जागेने तो कसा लागतो, असे ते विचारतात.

२०२३ च्या जानेवारीत या असंतोषाचा भडका उडाला. स्थानिक रहिवाशांनी स्थळाकडे जाणारे रस्ते अडवले. अधिकाऱ्यांकडून मिळणारी वागणूक अन्यायाची असल्याचा त्यांचा आरोप होता आणि स्थळाच्या संचालकाला हटवावे, अशी मागणी होती. नववर्षाच्या सुटीतील पर्यटकांना तेव्हा अवशेष न पाहताच परतावे लागले. बसगाड्यांच्या वेळापत्रकावर ज्यांचे पोट चालते, त्यांच्या हातात तेच वेळापत्रक रोखण्याखेरीज दुसरे प्रभावी हत्यार नाही, हेही त्यातून दिसून आले.

गाइडची गोष्ट आणि संशोधकांची गोष्ट

दोन तासांत सांगायची गोष्ट सोपी आणि रंजक असावी लागते. पिरॅमिडसमोर उभे राहून गाइड टाळी वाजवतो आणि पायऱ्यांवरून पक्ष्याच्या चीत्कारासारखा प्रतिध्वनी येतो. चारही बाजूंना ९१ पायऱ्या आणि वरचा एक चौथरा मिळून ३६५, हे गणित तो मांडतो. मार्च आणि सप्टेंबरमधील संपाताच्या सुमारास मावळतीच्या उन्हात उत्तरेकडील कठड्यावर सावलीचा सर्प सरपटत उतरतो, हेही सांगतो. या गोष्टी खऱ्या आहेत आणि थक्क करणाऱ्याही. शून्याचा वापर, वीस या पायावर आधारलेली अंकपद्धती आणि शुक्राच्या गतीची अचूक कोष्टके मायांकडे होती. शून्याचे अप्रूप असलेल्या भारतीय पर्यटकाला तर हा भाग विशेष भावतो.

अडचण पुढच्या भागात येते. पवित्र जलकुंडाच्या काठावर सांगितली जाणारी हमखास कथा म्हणजे कुमारिकांच्या बळीची. सुमारे साठ मीटर व्यासाच्या या कुंडात वर्षादेवतेला प्रसन्न करण्यासाठी तरुण मुली फेकल्या जात, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी लोकप्रिय झाली. प्रत्यक्षात कुंडातून मिळालेल्या अस्थींत पुरुष आणि मुलेही होती. २०२४ च्या जूनमध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तर वेगळेच चित्र समोर आणले. याच कुंडाजवळच्या एका भूमिगत टाक्यात १९६७ मध्ये शंभरहून अधिक बालकांच्या अस्थी सापडल्या होत्या. त्यांपैकी ६४ जणांची जनुकीय तपासणी केल्यावर ती सर्व मुलगे असल्याचे निष्पन्न झाले. अनेक जण एकमेकांचे जवळचे नातलग होते. त्यांत एकसारख्या जुळ्या भावांच्या दोन जोड्याही आढळल्या. माया पुराणकथांत जुळ्या वीरांना असलेले स्थान पाहता, संशोधकांना हा योगायोग वाटत नाही.

या संशोधनाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. युकातानमधील तिष्काकालतुयुब या आजच्या माया गावातील रहिवाशांच्या जनुकांशी या बालकांच्या जनुकांची तुलना करण्यात आली आणि त्यांत स्पष्ट सातत्य दिसले. ‘माया अचानक नाहीसे झाले’ हे वाक्य सहलीच्या पत्रकांत अजूनही आढळते. २१ डिसेंबर २०१२ रोजी जगाचा अंत होणार, अशी जी हाकाटी मराठी वृत्तवाहिन्यांपर्यंत पोहोचली होती, तिच्या मुळाशीही हीच ‘लुप्त जमाती’ची कल्पना होती. तो दिवस मायांच्या दीर्घ कालगणनेतील एका आवर्तनाच्या समाप्तीचा होता, इतकेच.

वास्तविक मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेनुसार युकातेक माया भाषा बोलणाऱ्यांची संख्या सुमारे पावणेआठ लाख आहे. शिट्टी विकणारा मुलगा, बुफेच्या हॉटेलात भाकऱ्या थापणारी बाई आणि कित्येकदा गाइड स्वतः घरी हीच भाषा बोलतो. चिचेन इत्झा या नावाचा अर्थच त्या भाषेत ‘इत्झांच्या विहिरीच्या मुखाशी’ असा आहे. १५६२ मध्ये मानी येथे पाद्री दिएगो दे लांदा याने माया पोथ्या जाळल्या, १८४७ मध्ये सुरू झालेले माया शेतकऱ्यांचे बंड अर्धशतकाहून अधिक काळ धुमसत राहिले, वायादोलिद हे गाव सासी नामक माया वस्तीवर उभारले गेले, हा सारा इतिहास सहलीच्या वाटेवरच आहे. परंतु वायादोलिदच्या चौकातील अर्धा तास आइस्क्रीम आणि छायाचित्रांतच संपतो.

खुद्द पिरॅमिडच्या बाबतीतही असेच घडते. आज छायाचित्रांत जी रेखीव पायऱ्यांची बाजू दिसते, ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झालेल्या जीर्णोद्धाराची देणगी आहे. दोन बाजू पुन्हा रचण्यात आल्या, इतर बाजूंची पडझड तशीच ठेवली गेली. गाइडने पिरॅमिडला वळसा घालून एवढे दाखवले, तरी पर्यटकाला अवशेष म्हणजे काय याची अधिक चांगली कल्पना येईल. पण वळसा घालायला वेळ लागतो.

जलकुंडांचे भवितव्य

सहलीतील सर्वांत आवडता टप्पा बहुधा सेनोतेचा असतो आणि तो सर्वांत नाजूकही आहे. युकातानचा उत्तर भाग चुनखडीचा असून तेथे जमिनीवर वाहणाऱ्या नद्या जवळपास नाहीत. पावसाचे पाणी थेट खडकात मुरते आणि भूगर्भातील गुहांमधून समुद्राकडे जाते. गुहेचे छत कोसळले की खालचे पाणी उघडे पडते. तेच सेनोते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे आदळलेल्या आणि डायनोसॉरच्या नाशास कारण ठरलेल्या अशनीच्या विवराच्या कडेने तर या कुंडांचे एक वर्तुळच तयार झाले आहे.

चिचेन इत्झापासून जवळच असलेल्या इक किल या कुंडात जमिनीपासून सुमारे पंचवीस मीटर खाली पाणी आहे. पायऱ्या उतरून जाताना वरून लोंबणाऱ्या वेली आणि निळेशार पाणी पाहून पर्यटक हरखून जातो. पाण्यात उतरण्यापूर्वी शॉवर घेऊन अंगावरचे सनस्क्रीन धुऊन काढणे बंधनकारक असते. ते योग्यच आहे. मात्र एका दुपारी एकामागून एक बसगाड्या रिकाम्या होऊ लागल्या, की या नियमाचा कितपत उपयोग होतो, हा प्रश्न उरतोच.

त्याहून मोठा धोका डोळ्यांना न दिसणारा आहे. सर्व कुंडे एकाच भूजलसाठ्याशी जोडलेली आहेत आणि गावांचे पिण्याचे पाणीही तेथूनच येते. चुनखडी पाणी फारसे गाळत नाही, त्यामुळे हॉटेलांचे सांडपाणी असो की वराहपालन केंद्रांतील मलमूत्र, ते झपाट्याने खाली पोहोचते. होमुन या कुंडांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाजवळ सुमारे ४९ हजार डुकरांचे केंद्र सुरू झाले, तेव्हा गावातील मुलांच्या वतीने न्यायालयात दाद मागण्यात आली. २०१८ मध्ये त्या केंद्राचे काम स्थगित झाले आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती कायम ठेवली. या लढ्यात गावकऱ्यांना बळ मिळाले, ते कुंडांवरचे पर्यटन त्यांच्या स्वतःच्या हातात असल्यामुळे. ज्यांचे उत्पन्न पाण्याच्या स्वच्छतेवर अवलंबून असते, ते त्या पाण्याची राखणही करतात, हा धडा होमुनने घालून दिला.

रेल्वे आली, पण कोणासाठी?

या साऱ्या प्रश्नांवर सरकारने शोधलेले उत्तर म्हणजे ‘त्रेन माया’, अर्थात माया रेल्वे. तत्कालीन अध्यक्ष आंद्रेस मानुएल लोपेस ओब्रादोर यांच्या या महत्त्वाकांक्षी प्रकल्पाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला आणि वर्षभरानंतर सुमारे १,५५० किलोमीटरचे संपूर्ण वर्तुळ पूर्ण झाले. चियापास, ताबास्को, काम्पेचे, युकातान आणि किंताना रो या पाच राज्यांतून ती धावते आणि तिचा कारभार लष्कराकडे आहे. किनाऱ्यावर साचलेला पैसा अंतर्भागात पोहोचवणे, हा तिचा जाहीर हेतू होता. निदान म्हणून ते अचूक होते, यात शंका नाही.

उपायाबाबत मात्र गंभीर आक्षेप आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये स्थानिकांचा कौल घेण्यात आला, पण ती प्रक्रिया मूळ रहिवाशांशी सल्लामसलतीच्या आंतरराष्ट्रीय निकषांवर उतरत नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्तांच्या मेक्सिकोतील कार्यालयाने म्हटले होते. कॅन्कून ते तुलुम या टप्प्यात मार्ग जंगलातून वळवण्यात आला आणि पाण्याने भरलेल्या गुहांच्या छतातून पोलादी खांब खाली उतरवले गेले. गुहा-संशोधक आणि पाणबुड्यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली. खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट झाला.

याच प्रकल्पाच्या निमित्ताने पुरातत्त्व खात्याला मोठा निधी मिळाला, हेही नोंदवायला हवे. मार्गावरील उत्खननांत असंख्य वास्तू आणि वस्तूंची नोंद झाली, चिचेन इत्झा येथे २०२४ मध्ये नवे भव्य संग्रहालय उघडले आणि मुख्य चौकापलीकडचा ‘चिचेन व्येहो’ म्हणजे जुने चिचेन हा भागही पर्यटकांसाठी खुला झाला. ज्याला खरोखर समजून घ्यायचे आहे, त्याच्यासाठी आता येथे दोन तास नव्हे, तर दोन दिवसांचे साहित्य आहे. पण एक दिवसाच्या सहलीच्या वेळापत्रकात संग्रहालयाला जागा कोठे?

संग्रहालयाबरोबरच नवे अभ्यागत केंद्रही उभे राहिले. पर्यटकांनी तेथे उतरावे, तेथूनच आत जावे आणि विक्रेत्यांनीही तेथे स्थलांतर करावे, अशी ही योजना. विक्रेत्यांनी तिला विरोध केला आणि २०२५ मध्ये तिच्यावरून पुन्हा आंदोलने झाली. महाराष्ट्रातील वाचकाला हा वाद परका वाटणार नाही. अजिंठा लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटरवर फर्दापूरजवळ वाहने थांबवून पुढे बसने जाण्याची सोय झाली आणि दुकानेही तेथे गेली. त्याने लेण्यांचा परिसर मोकळा झाला. परंतु दुकानदाराचा धंदा पर्यटकाच्या वाटेवर किती वेळ आणि कोणत्या क्रमाने येतो यावर ठरतो, हे तेथील अनुभवानेही दिसले आहे. जागा देणे सोपे असते, गिऱ्हाईक देणे अवघड.

रात्रीचा मुक्काम हीच खरी कसोटी

रेल्वे, संग्रहालय किंवा नवे प्रवेशद्वार यांपैकी कशानेही पर्यटकाचा मुक्काम बदलला नाही, तर फरक फक्त वाहनाचा पडेल. बसऐवजी रेल्वेने सकाळी आलेला आणि संध्याकाळी परतलेला पर्यटक पिस्तेच्या दृष्टीने सारखाच. याउलट एक रात्र वायादोलिदमध्ये किंवा पिस्तेत काढणारा प्रवासी खोलीचे भाडे देतो, दोन वेळा जेवतो, रिक्षा करतो आणि सकाळी आठला दरवाजा उघडताच, बसगाड्या येण्यापूर्वीची शांतता अनुभवतो. त्याला गाइडकडून घाईत पाठ म्हटलेली गोष्ट ऐकावी लागत नाही. वायादोलिदमध्ये अलीकडे अशा मुक्कामी पर्यटकांची वर्दळ वाढली आहे, ही या चित्रातील आशादायक बाजू.

सरकारच्या हाती याखेरीजही बरेच काही आहे. दुपारची गर्दी विभागण्यासाठी वेळेनुसार प्रवेश देता येईल. प्रवेशशुल्कातील ठरावीक वाटा थेट शेजारच्या गावांना आणि एहिदोंना देता येईल. स्थानिक माया भाषकांना गाइड म्हणून प्रशिक्षण आणि परवाने देण्यास प्राधान्य देता येईल. यांपैकी कशालाही हजारो कोटींचा खर्च लागत नाही. लागते ती तिकिटाच्या उत्पन्नावरील आपला हक्क थोडा सोडण्याची तयारी, आणि आजवर राज्य किंवा संघराज्य या दोहोंपैकी कोणीही ती दाखवलेली नाही.

संध्याकाळी पाचला अवशेषांचे दरवाजे बंद होतात. तोवर बहुतेक बसगाड्या परतीच्या वाटेला लागलेल्या असतात आणि विक्रेते मुखवटे, शिट्ट्या पेट्यांत भरून पिस्तेच्या दिशेने निघतात. हजार वर्षांपूर्वीचे हे नगर सांभाळायचे, तर त्याच्या दारात राहणाऱ्या या माणसांनाही त्यात हिस्सा असला पाहिजे. तो देण्याचे टाळले गेले, तर रस्ता अडवला जाण्याची पुढची बातमी फार दूर नसेल.